सुशीलाबाईंची उपकारस्तुती

"पास्टर, प्रभूच्या शेवटच्या भोजनानंतर भांडी कोणी घासली?"

प्राचीने चर्चच्या बाजूच्या खोलीत, सगळ्यांसमोर हे विचारलं. बाहेर हायवेवर एका ट्रकने गिअर बदलला. मग टीनाच्या नाकातून हसू फुटलं आणि तरुण संघाचा अख्खा वर्ग खिदळायला लागला.

पैज होती. शाळेत मधल्या सुट्टीत टीना आणि चमेली दोघींनी मिळून लावलेली. चमेली काही चर्चला येत नाही, ती गोंड, तिच्या घरचे देव कचारगडला. पण दुसऱ्याला फशी पाडायचं असलं की ती सगळ्यांच्या पुढे. "आता स्टेजवर भाषण ठोकतेस ना? मग तुमच्या पास्टरले विचारून दाखव. नाही विचारलं तर मंचुरियन तुझ्याकडून." वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यातून पहिली आल्यापासून प्राचीला कोणी 'करून दाखव' म्हटलं की तिला राहवतच नसे. आधीची प्राची वर्गात हजेरी देतानाही चाचरायची. आताच्या प्राचीला माइक नसला तरी चालायचं.

पास्टर गुलशन नुकतेच गोंदियाहून सडक अर्जुनीला आले होते. तरुण होते, चष्मा पुसत बोलायची सवय होती. ते हसले. "सवाल तो अच्छा है बेटा. पण त्यात आत्मिक काय? घासली असतील कोणीतरी. आपण मेजावर काय झालं ते पाहायचं, मोरीत काय झालं ते नाही."

पुन्हा हशा. प्राचीने कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि पैज जिंकल्याच्या तोऱ्यात पाणी प्यायला बाहेर पडली.

चर्चच्या मागे मोहाच्या झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर भाताचा भलामोठा गंज चढला होता आणि त्याच्यापुढे आजी उभी होती. लग्नसमारंभाला नेसायची नवी निळी साडी, पदर कमरेला खोचलेला, कपाळाला राखेचा पट्टा. बाजूला बोअरवेलपाशी चार म्हाताऱ्या बायका उकिडव्या बसून स्टीलची ताटं धूत होत्या.

"आजी, आज तू कायले इथं? आज तुझा दिवस आहे!"

"असू दे ना व. भात लागला तर दिवस माझाच खराब होईन," आजी म्हणाली. "जा, उपासना सुरू होऊन राहिली. मी आलीच."

तो खरंच आजीचा दिवस होता. सुशीलाबाई म्हणजे प्राचीची आजी, आरोग्य खात्यातली नर्स. नोकरीची सुरुवात सालेकशाच्या जंगलपट्टीत, शेवट सडक अर्जुनीच्या आसपासच्या गावांत. पायी, सायकलने, मग स्कूटीने फिरून फिरून ती गेल्या महिन्यात रिटायर झाली होती. या चर्चची एक रीत आहे. माणूस नोकरीतून सुटला की पुढच्या एखाद्या रविवारी त्याची उपकारस्तुती होते. म्हणजे त्याने मंडळीसमोर उभं राहायचं, देवाने इतकी वर्षं कसं सांभाळलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. मग पास्टर प्रार्थना करतात, मंडळीतर्फे शाल घालतात, आणि त्या घराकडून सगळ्यांना जेवण. वीज मंडळातले, शाळेतले, रेल्वेतले असे किती तरी काका-आजोबा प्राचीने त्या जागी उभे राहिलेले पाहिले होते. काही जण इतकं बोलायचे की मागे भात गार व्हायचा. बाई मात्र आजवर एकही उभी राहिली नव्हती. आजी पहिली.

आणि आजीने तयारी केली होती, बरं का! गेले कित्येक दिवस पोळ्या लाटताना तिचे ओठ हलायचे. प्राची मागून जाऊन कान लावायची आणि आजी लाटण्यानेच तिला हाकलायची. तरी बरंचसं प्राचीला पाठ झालं होतं.

उपासना सुरू झाली. गाणी झाली, वाचन झालं, संदेश झाला. प्राची मम्मी-पप्पांच्या मध्ये बसली होती, आबाजी, म्हणजे तिचे आजोबा, पुढच्या बाकावर. आजी मध्येच येऊन टोकाला बसली. मग बाहेरून कोणी बाईने खिडकीतून हात केला, आजी उठली, प्राचीच्या कानाशी वाकून "भात पाहून येतो, दोन मिनिटात" म्हणाली आणि गेली.

नेमके तेव्हाच खेमराज काका उठले. मंडळीचे सेक्रेटरी. घोषणा वाचायचं काम त्यांचं, आणि त्यांच्या घोषणेत घर म्हणजे घरचा म्हातारा पुरुष, बाकीचे सगळे त्याच्या पोटात. त्यांनी खाकरून वाचलं, "आज बंधू उदाराम यांच्या परिवारातर्फे सेवानिवृत्तीनिमित्त उपकारस्तुती आहे. सर्वांनी जेवून जावं." संपलं.

पास्टर नवे. त्यांनी पुढच्या बाकावर पाहिलं. तिथे आबाजी बसलेले, इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावून चापलेले केस. पास्टरांनी हात पुढे केला, आबाजी गोंधळून उभे राहिले, आणि पास्टर म्हणाले, "डोळे मिटू या."

सगळे उभे राहिले, डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, तुझे दास उदारामभाऊ यांनी आरोग्य खात्यात जी प्रदीर्घ सेवा केली..."

प्राचीने एक डोळा उघडला.

आबाजींनी आरोग्य खात्यात सेवा केली? आबाजींनी? आबाजींचं हायवेवर शिलाईचं दुकान होतं. शाळेचे गणवेश आणि ड्रायव्हर लोकांच्या खिशांच्या बंड्या. सुई टोचून रक्त आलं तर ते खुर्चीत बसून पाणी मागायचे. आरोग्य खात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की त्यांची बायको तिथे होती.

"...रानावनात, पायी फिरून, किती तरी माताभगिनींची सुखरूप प्रसूती यांच्या हातून..."

आता प्राचीने दोन्ही डोळे उघडले. आणि पाहते तर काय, तिच्यासारखे आणखी बरेच डोळे उघडे होते! टीनाचे उघडे होते. वीज मंडळाच्या काकांचे उघडे होते. खेमराज काकांचा एक होता, तो त्यांनी पटकन मिटला. आबाजींच्या मानेवरून घाम उतरत होता, पण त्यांचे हात जोडलेले आणि डोळे घट्ट. प्राचीने पप्पांना कोपराने ढोसलं.

"पप्पा! बोला ना!"

"श्श! प्रार्थनेत मधात बोलते का कोणी?"

नाही बोलत. हेच तर. या मंडळीत पावसाने पत्रा उडाला तरी लोक 'आमेन' होईपर्यंत हलणार नाहीत. ट्रकने हॉर्न दिला, कुत्रं आत येऊन वेदीपर्यंत फिरून गेलं, पास्टरांनी उदारामभाऊंच्या हातून शेकडो बाळंतपणं करवली, आणि माणसं गप्प उभी राहिली. शेवटी सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं, "आमेन!"

त्या आमेनमध्ये एक आवाज दारातून आला. आजीचा. ती हातात पळी घेऊन उंबऱ्यात उभी होती. नेमकं काय झालं ते तिला तोवर कळलंही नव्हतं. प्रार्थना संपली म्हणून तिने आमेन म्हटलं, तर समोर नवऱ्याच्या अंगावर शाल.

"उदारामभाऊ, दोन शब्द," पास्टर म्हणाले.

आबाजींनी एकदा शालीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. तेव्हा तरी बोलायचं! एवढंच म्हणायचं होतं, 'पास्टर, मी नाही, ती.' चार शब्द. पण आबाजींचा स्वभाव म्हणजे गिऱ्हाइकाने उलटं माप सांगितलं तरी उलटंच शिवून देणारा. ते म्हणाले, "देवानं लय दिलं. सगळं देवानंच केलं. सलाम." आणि बसले.

टाळ्या पडल्या. आजी परत फिरली. भात वाढायचा होता.

जेवणाची पंगत बसली. आजी वाढत होती, लोक तिला सांगत होते, "छान झाली उपासना, बाई." एक आजोबा तर म्हणाले, "भाजीत मीठ जरा वर झालं." प्राचीने ताट खाली ठेवलं आणि सरळ खेमराज काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, रिटायर आजी झाली. प्रार्थना आबाजींची झाली."

"हो ना, माझ्याही ध्यानात आलं," काका हाडूक चोखत म्हणाले. "पण पोरी, प्रार्थना कोणाकडे गेली? देवाकडे. देवाले पत्ता माहीत आहे का नाही? बरोबर घरात पोचली असन."

"मग शालही देवालाच घालायची होती!"

"प्राची!" मम्मी मागून ओरडली.

"नवरा-बायको एकच शरीर," काका हसून आजूबाजूच्या लोकांकडे पाहत म्हणाले. "याच्या अंगावर काय आन तिच्या अंगावर काय."

"एकच असतील तर तुम्ही उठा ना, काकू बसतील. काकू सकाळपासून तिकडे ताटं धुऊन राहिल्या."

लोक हसले. काकाही हसले. प्राचीला मात्र हसू येईना. सकाळी ती हसवायला बोलली होती तेव्हाही लोक हसले, आता ती रागाने बोलली तेव्हाही हसले. मग तालुक्यातून पहिली येऊन उपयोग काय?

घरी आल्यावर तर आणखीच. मम्मी म्हणाली, "बिचाऱ्या पास्टरांना कळलं तर किती वाईट वाटेल." पप्पा म्हणाले, "सोड ना आता. झालं ते झालं." पप्पांना, म्हणजे ओमेशला, भांडणाची भारी ॲलर्जी, दुकानात दोन गिऱ्हाइकं भांडली तरी ते मागच्या दाराने चहाला जातात. आबाजी शाल मांडीवर घेऊन बसले होते, ना पांघरवत होती ना ठेववत होती.

"मी काय करू, मले काही सुचलंच नाही," ते आजीला म्हणाले. "त्यानं अंगावर टाकली."

"चांगली दिसते तुमच्यावर," आजी म्हणाली. "थंडीची आहेच कामाची."

एवढंच! तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर प्राचीचा दुप्पट झाला. ती दाणदाण पाय आपटत खोलीत गेली. आजी रिटायर झाली त्या दिवसापासून या घरात सगळे म्हणत होते, 'आता आजी मोकळी'. मोकळी म्हणून सकाळचा डबा तिच्याकडे, दुपारचं जेवण तिच्याकडे, मम्मीच्या ब्यूटी पार्लरचे टॉवेल धुणंही तिच्याकडे. चर्चवालेही तेच. दर मंगळवारी चार वाजता चर्चमध्ये ज्येष्ठांची संगती असते. रिटायर माणसं बसतात, एकमेकांच्या दुखण्याखुपण्यासाठी प्रार्थना करतात, सुखदुःख बोलतात. आजी किती वर्षं म्हणायची, एकदा रिटायर झाली की मंगळवारी संगतीत जाऊन बसीन. आता ती जाते. पण बसते कुठे? मागे, स्टोव्हपाशी. आतल्यांच्या चहासाठी.

प्राचीने ठरवलं. कोणी बोलत नाही ना? मग मी बोलते.

मंगळवारी तिने ट्यूशनला दांडी मारली आणि सायकल सरळ चर्चला घातली. आत खुर्च्या गोल मांडून आठ-दहा म्हातारे बसले होते, मध्ये पास्टर. आबाजीही होते. मागच्या बाजूने आल्याचा वास येत होता, म्हणजे आजी तिथेच होती.

"पास्टर, मला एक साक्ष सांगायची आहे," प्राची म्हणाली.

पास्टरांना आनंदच झाला. तरुण मुलगी, स्वतःहून! "या, या बेटा."

प्राची गोलाच्या मध्ये उभी राहिली, हात मागे बांधले, स्पर्धेत सांगितल्याप्रमाणे श्वास घेतला आणि सुरू झाली. एक तरुण नर्स होती, नाव सुशीला. नवी नोकरी, जंगलातलं गाव, एका गोंड घरात बाई अडलेली, डॉक्टर नाही, गाडी नाही, सुशीलाचे हात थरथर कापत होते. इथपर्यंत सगळं आजीचंच होतं. पण समोरचे म्हातारे ऐकायला लागले, पुढे सरकले, एकाने कानातलं यंत्र नीट केलं, आणि प्राचीला चढलं. मग बाहेर वादळ आलं. झाडं कडाकडा मोडली. आणि दाराबाहेर, अंगणात, अगदी उंबऱ्याला लागून वाघाने डरकाळी फोडली!

"अरे बाप रे," एक आजोबा म्हणाले.

"सुशीला डगमगली नाही! ती दारात गेली, वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाली, माझ्या देवाच्या नावाने परत जा! आणि वाघ..."

"बस."

दारात आजी होती. हातात चहाची किटली.

"बस झालं, प्राची. चल घरी."

किटली तिने तिथेच टेबलावर ठेवली. कप मांडले नाहीत, ओतला नाही. प्राचीचं दप्तर उचललं आणि चालायला लागली. मागे कोणी तरी विचारत होतं, "पण वाघ गेला का?"

हायवेच्या कडेकडेने ढाब्यांसमोरून त्या चालल्या, प्राची सायकल ढकलत मागे. तिला वाटलं होतं, आजी रडेल, मिठी मारेल. शेवटी तिच्याच्याने राहवेना.

"आजी, मी तुझ्याचसाठी..."

आजी गर्रकन वळली. इतकी चिडलेली आजी प्राचीने आयुष्यात पाहिली नव्हती.

"माझ्यासाठी? वाघ माझ्यासाठी आणला? कोणता वाघ व? कधी आला होता वाघ?"

"ते... जरा इंटरेस्टिंग व्हावं म्हणून."

"रविवारी तुझ्या आज्यानं माझी साक्ष घेतली. त्यानं निदान दोन शब्दांत आटोपली. तू तर तिच्यात वाघ घातलास! आता मी खरं सांगतो म्हटलं तर लोकं विचारतीन, बाई, वाघ काऊन नाही सांगितला? वाघ घाबरून पळाला म्हणून मी देवाचे आभार मानू का?"

प्राचीचे डोळे भरून आले. पण आजी थांबली नाही.

"सगळे बोलून राहिले माझ्या नावानं. पास्टर बोलला, तुझा आजा बोलला, खेमराज बोलला, आता तू. मले तोंड नाही का? एकानं तरी विचारलं का, सुशीले, तुले बोलायचं होतं ते काय होतं?"

ट्रक गेला, धूळ उडाली, दोघी थांबल्या. प्राचीला रविवारपासून जगातल्या सगळ्यांचा राग येत होता. त्या सगळ्यांच्या रांगेत आपणही उभे आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने नाक पुसलं.

"काय होतं, आजी?"

आजी पंक्चरच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसली, पाय दुखत होते तिचे. आणि म्हणाली, "वाघ नव्हता. चांगलं ऊन होतं. हात कापत होते ते खरं. त्या घरची बुढी होती, अडलेलीची सासू. तिनं माझा हात धरला. ती तिच्या देवाले हाका मारे, मी माझ्या देवाले. पोरगी झाली. रडली नाही आधी, मग रडली. आन ती बुढी मले म्हणते, बाई, तुह्या देवाचं नाव काय? मी म्हटलं, येशू. तर ती उठली, हात जोडले आन म्हणाली, येशूबाबा, तुमचे उपकार आहेत, आमच्याइथं येत जाजा."

प्राचीला हसू आलं आणि रडूही आलं.

"मले त्या दिवशी लाज वाटली, प्राची. ज्या बुढीनं माझ्या देवाचं नाव आजच ऐकलं, तिनं मोठ्यानं आभार मानले. आन मी मनातल्या मनात. तेव्हा मी देवाले शब्द दिला. ही नोकरी धड पार पडू दे, ज्या दिवशी सुटीन त्या दिवशी मंडळीसमोर उभी राहीन आन माझ्या तोंडानं, मोठ्यानं, तुझे आभार मानीन. हे होतं. शालीचं मले काय करायचं आहे?"

म्हणजे हे होतं. खेमराज काका म्हणत होते, प्रार्थना पोचली असेल. पोचली असेलही! पण आजीचा शब्द? तो तर तिच्याच तोंडात अडकून राहिला होता, आणि तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून फिटणारच नव्हता. आबाजींच्या नाही, पास्टरांच्या नाही, वक्तृत्वात पहिल्या आलेल्या प्राचीच्याही नाही.

"मग पुन्हा घ्यायला लाव ना उपकारस्तुती," प्राची म्हणाली. "मी... नाही, तू सांग पास्टरांना."

"आन त्या पोराले मंडळीसमोर खाली पाहायला लावू? नवा आहे बिचारा. खेमराजनं नाव नीट वाचलं नाही, त्यात त्याची काय चूक? दुसऱ्यांदा जेवण घाला म्हणतीन ते वेगळंच." आजीने गुडघ्यावर हात ठेवले. "राहू दे. देव काही सावकार नाही."

पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजीने मंगळवारच्या चहाचा विषय मात्र स्वतःच निकालात काढला. खेमराज काका सकाळी घरी आले, "बाई, काल तुम्ही किटली ठेवून निघून गेल्या, सगळ्यांचा चहा थंड झाला." आजी म्हणाली, "पुढच्या मंगळवारपासून मी आत बसीन. स्टोव्हची पिन डाव्या फळीवर आहे." काकांनी आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी छताकडे पाहिलं, मग हळूच म्हणाले, "मले येते चहा करता. साखर जरा जास्त होते." प्राचीने आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसून घेतलं. रविवारनंतर पहिल्यांदा मनमोकळं.

काकांचं आणखी एक काम होतं. नाताळाआधीच्या रविवारी प्राचीचं आणि टीनाचं दृढीकरण होतं. लहानपणी आईबापांनी आपल्यासाठी हो म्हटलेलं असतं. आता स्वतः मंडळीसमोर उभं राहून म्हणायचं, हो, माझा विश्वास आहे. त्या वेळी मागे घरचं एक वडीलधारं माणूस उभं राहतं, खांद्यावर हात ठेवतं आणि या मुलीला विश्वास कसा मिळाला ते मंडळीला सांगतं. "प्राचीच्या मागे उदारामभाऊ," काका म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता निघालेही.

प्राची दिवसभर विचार करत राहिली. विश्वास कसा मिळाला? आबाजी फार चांगले, पण त्यांनी तिला काजं करायला शिकवलं. प्रार्थना करायला शिकवली ती आजीने. ड्यूटीवरून आली की पाय धुवायच्याही आधी ती दारातच थांबून कोणाकोणाची नावं घ्यायची, आज कोणाला ताप होता, कोणाचं बाळ अशक्त होतं, आणि छोटी प्राची मागून आमेन, आमेन म्हणत नाचायची. तो नाच हाच तिचा विश्वास. बाकीचं सगळं नंतर आलं.

रविवारची प्राची असती तर ती तशीच उठून पास्टरांकडे धावली असती. यावेळी ती आधी स्वयंपाकघरात गेली.

"आजी, एक विचारू? नाही म्हटलंस तर मी गप्प बसेन. खरंच बसेन."

"तू आन गप्प?" आजी लसूण सोलत म्हणाली. "विचार."

प्राचीने विचारलं. आजीचे हात थांबले.

"तिथं बोलावं लागते ना?"

"हो."

"मोठ्यानं?"

"माइक असतो. नाही दिला तर मोठ्यानं."

"आन काय बोलायचं ते कोण सांगीन?"

"कोणीच नाही. तुझं तू."

आजीने लसणाचं सालपट बोटाने चोळलं. मग म्हणाली, "त्या बुढीचं सांगितलं तर चालते का?"

"चालते."

"तुझ्या आज्याले वाईट वाटन."

"त्यांना मी विचारून आले. ते म्हणाले, सुटलो बापा."

आजी हसली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग सांग घरी. पण वाघ नोको."

संध्याकाळी पप्पा दुकानातून आले, मम्मी पार्लर बंद करून आली. दोघं चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर बसली तशी प्राची त्यांच्या आणि टीव्हीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात मागे बांधले नाहीत, श्वासही मोजला नाही.

"मला काही सांगायचं आहे. दृढीकरणाला माझ्यामागे आबाजी उभे राहणार नाहीत. आजी उभी राहील."

"अगं, पण आपल्यात पुरुष माणूसच..." मम्मीने सुरुवात केली.

"आपल्यात बाई रिटायरही होत नव्हती, मम्मी. झाली ना?"

"खेमराज काकांना काय सांगायचं?" पप्पांचा हात आपोआप चपलांकडे गेला, जणू इथेही मागचं दार होतं. "लोकं म्हणतील, रविवारचा राग काढला."

"काढलाच आहे! राग आलाच आहे मला, पप्पा. तुमचा पण. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही डोळे मिटून उभे राहिलात." तिचा आवाज कापला, पण तिने तो सावरला नाही, तसाच जाऊ दिला. "पण हे रागातून नाही. मी आजीला विचारलं आणि ती हो म्हणाली. तिला जे बोलायचं ते ती बोलेल, तिला हवं तेवढा वेळ बोलेल, आणि ते संपेपर्यंत तिला कोणी चुलीपाशी बोलवायचं नाही. मी आत्ता पास्टरांकडे चालले. आजीही येते आहे, ती चपला घालते आहे. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या. आणि पास्टर नाही म्हणाले, तर त्या रविवारी टीना एकटी उभी राहील. मी आजीच्या शेजारी बाकावर बसेन, आणि आजी उभी राहीपर्यंत बसेन."